बुद्धाचा हात कुणी तोडला?

माझ्या दुकानातले नूडल्स गिचके लागतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते गाऱ्हाणं माझ्याकडे आणू नका, पेक दोक-सू यांच्याकडे न्या. "वहिनी, बारा माणसं घेऊन बाराला उतरतो, टाका पातेल्यात," असा डोंगरावरून फोन करायचा आणि उतरायचं दोन वाजता, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता आहे. हाताने लाटून सुरीने कापलेले नूडल्स दोन तास रश्श्यात पडून राहिले की त्यांची खळ होते. ती खळ लोक मुकाट्याने खातात, कारण पेकभाऊजींनी त्यांना चालवून चालवून अर्धमेलं केलेलं असतं.

भाऊजी आमच्या नामसान डोंगरावर वाटाड्याचं काम करतात. आधी ते पोस्टमन होते. टपाल वाटता वाटता त्यांना बोलायची सवय लागली की बोलायची सवय होती म्हणून ते पोस्टात गेले, हे मला सांगता येणार नाही. माझे यजमान त्यांचे वरिष्ठ होते, म्हणून मी वहिनी. काटकुळी मूर्ती, हातात पांढरे मोजे, मूर्ती दाखवायला मिटलेली छत्री आणि छातीवर नगरपालिकेचा बिल्ला. तो बिल्ला ते रोज सकाळी दात घासायच्या पेस्टने घासतात. डोंगरावर शंभराच्या वर कोरीव बुद्ध आहेत आणि प्रत्येकाचं नाक कुठल्या शतकात झिजलं हे भाऊजींना तोंडपाठ आहे.

पण त्यांचा जीव खरा आमच्या मागच्या ओढ्यावरच्या बुद्धावर. मोठा, बसलेला, चेहरा शांत, आणि उजवा हात मनगटापासून गायब. जो हात खाली सोडून बुद्धाने धरणीला साक्षीला बोलावलं, नेमका तोच नाही. भाऊजी तिथे मंडळींना उभं करतात, छत्री त्या रिकाम्या मनगटाला लावतात, आणि घसा खाकरून विचारतात, "हा हात कुणी तोडला असेल?"

आता गंमत ऐका. उत्तर मंडळी बघून ठरतं. सोलहून आलेल्या लोकांना ते सांगतात, जपानी शिपायांनी तोडला. जपानी आले की वीज पडली. शाळेची मुलं असली की वर चढून खोड्या करणाऱ्या एका द्वाड पोराने. मठातले भिक्षू आले तर बौद्ध धर्म न मानणाऱ्या जुन्या काळच्या खवट पंडितांनी, आणि चर्चची सहल आली तर भूकंपाने. एकदा मंगोलियाचे चार पाहुणे आले तेव्हा भाऊजी बराच वेळ आकाशाकडे बघत राहिले, कारण एरवी उरलेल्या सगळ्यांना ते मंगोल स्वारीच सांगायचे.

"अहो, एका हाताला इतके मारेकरी?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, माणूस सुट्टी काढून येतो. त्याला स्वतः अपराधी व्हायचं नसतं, दुसरा कुणीतरी अपराधी हवा असतो."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, मोरिवाकीबाई येईपर्यंत.

मोरिवाकीबाई जपानच्या. शिमोनोसेकीहून रात्रीच्या बोटीने बुसानला उतरायचं आणि तिथून बसने आमच्याकडे यायचं, असा त्यांचा दर नोव्हेंबरचा नेम. जपानचं इथे राज्य होतं तेव्हा त्यांचे वडील इथल्या स्टेशनात कारकून होते. पहिल्या वर्षी त्या जपानी मंडळींबरोबर आल्या, विजेची गोष्ट ऐकली, बुटाची नाडी बांधायला मागे थांबल्या. तेवढ्यात भाऊजींनी सोलची दुसरी मंडळी तिथेच आणली आणि शिपायांची गोष्ट सांगितली. बाईंना आमची भाषा येते हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईंनी दुसरी गोष्ट खरी मानली. आपल्या पाठीमागे बोललं जातं ते खरं, असं माणसाला वाटतंच.

पुढच्या वर्षापासून त्या एकट्या येऊ लागल्या. बुद्धासमोर गुडघे टेकून, कपाळ दगडाला लावून माफी मागायच्या. मग उठून भाऊजींना वाकून नमस्कार करायच्या आणि लाल चवळीच्या गोड वड्यांचा एक डबा द्यायच्या. अकरा वर्षं. भाऊजी दरवर्षी माझ्या दुकानात येऊन कपाळावर हात मारून घ्यायचे. "वहिनी, पुढल्या वर्षी सांगतो हं. अगदी नक्की." आणि तो डबा फोडायचे.

"लाज वाटत नाही?" मी म्हणायची.

"वाटते ना. घ्या, एक वडी घ्या."

मी घ्यायची. खोटं कशाला बोलू, वड्या चांगल्या असायच्या.

आता त्यांच्या घरातलं सांगते. त्यांच्या बायकोला आम्ही योन-जूची आई म्हणतो, कारण लेक योन-जू झाल्यापासून तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. ती मला ताई म्हणते. कमी बोलते, पण जे बोलते ते वरवंट्यासारखं पडतं. तिच्या हातच्या किमचीला पंचक्रोशीत तोड नाही. मात्र दर हिवाळ्यात ती एक लहान रांजण वेगळा घालते. त्यात लसूण नाही, कांद्याची पात नाही, खारवलेल्या मासळीचा रस नाही. मठात खातात तसली पांढरी, सात्त्विक किमची. भाऊजी एकेचाळीस वर्षं त्या रांजणाला नावं ठेवत आलेत. "आजारी माणसाचं जेवण," म्हणतात. बायको म्हणते, "सासूबाईंची रीत आहे." मग ते गप्प, कारण आईपुढे त्यांचं कधी चाललं नाही, ती गेल्यावरही नाही. त्या रांजणातली पहिली वाटी योन-जूची आई डोंगरावर नेऊन ओढ्यावरच्या बुद्धासमोर ठेवते. ती भाविक आहे, एवढंच आम्ही समजत होतो.

गेल्या नोव्हेंबरात, किमची घालायच्या ऐन हंगामात, ती बाजारात बसमधून उतरताना पडली आणि मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर. शंभर कोबी मिठात पडलेले, लेक बुसानला नोकरीत अडकलेली. मी दुकान बंद करून गेले. आणि जन्मात पहिल्यांदा भाऊजींना रबरी हातमोजे चढवावे लागले.

बुधवार होता. योन-जूची आई पायरीवर बसून एका हाताने हुकूम सोडत होती.

"योन-जूचे बाबा, कोबी पिळताय की कुरवाळताय?"

"पिळतोय."

"त्याला दुखणार नाही. जोरात पिळा."

मागच्या ओट्यावर त्यांचे रांजण ओळीने उभे असतात. पोस्टात असताना आणि नंतर डोंगरावर, भाऊजींनी सगळं जग पालथं घातलं असेल, पण त्या ओट्यावरचं एक झाकण कधी उचललेलं नव्हतं. पुरुषाचा तिथे संबंधच नसतो. मोठे रांजण मी धुतले. "तो लहान राहू द्या हो, तो ताई करेल," एवढं सांगून योन-जूची आई गोळी घ्यायला आत गेली, आणि भाऊजींना कर्तबगारी दाखवायची हुक्की आली.

त्यांनी झाकण उचललं. तळाशी दाबाचा दगड होता. किमची रसाच्या वर येऊ नये म्हणून वरून ठेवतो तो, दोन वितींचा, पाठीवर गुळगुळीत. हंगाम संपला की तो रांजणातच असतो. भाऊजींनी तो काढला, नळाखाली धरला आणि घासायला उलटा केला.

ब्रश थांबला. पाणी वाहतच राहिलं.

"वहिनी, हे काय आहे?"

"दगड," मी म्हटलं. माझे हात तिखटात होते.

"हा दगड नाही."

"मग काय भोपळा आहे?"

"ही बोटं आहेत, वहिनी. एक, दोन, तीन, चार. नखं आहेत. हा अंगठा." त्यांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. "हा उजवा हात आहे," म्हणाले, आणि मागे न बघता खाली बसले. खाली मिठाच्या कोबीचं घमेलं होतं, ते त्यातच बसले.

तेवढ्यात योन-जूची आई दारात आली. नवऱ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. हरवलेला चष्मा सापडल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाली, "सापडला का एकदाचा?"

"तुला माहीत होतं?"

"कोबीतून उठा आधी. वीस कोबी आहेत त्यात."

ते उठले नाहीत, म्हणून तिने तसंच सांगितलं. मोठ्या वादळाच्या वर्षी ओढ्याला लोंढा आला, अर्धा कडा खाली आला. पूर ओसरल्यावर सासूबाई पालेभाजी खुडायला गेल्या तर चिखलात हा हात. वर नेऊन ठेवावा म्हटलं तर पायवाट वाहून गेलेली. घरचा ओटा पुरात गेलेला, रांजण एकच उरलेला, दाबाचा दगड कुठून आणायचा? हिवाळा तोंडावर, घरात खाणारी सात तोंडं. सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, देवा, एवढा हिवाळा दे. पुढल्या वर्षी पुन्हा म्हणाल्या, एवढा हिवाळा दे.

"आणि देवाचा हात आत म्हणून लसूण घालायचा नाही, मासळी घालायची नाही. पहिली वाटी त्याची, वर नेऊन द्यायची. मला हे सगळं लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात सांगितलं. मीपण दरवर्षी तेच म्हणते."

"मला का नाही सांगितलं?" भाऊजींनी घमेल्यातूनच विचारलं.

"सासूबाई म्हणाल्या होत्या, त्याला सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि तुम्ही विचारलंत कधी? एकेचाळीस वर्षं आळणी आळणी म्हणून नावं ठेवलीत. आळणी का, हे एकदा तरी विचारलंत?"

मी हसू दाबायला तिखटाचा हात तोंडावर नेला आणि डोळ्यांत घालून घेतला.

"माझ्या आईने चोरला," भाऊजी पुटपुटले.

"चोर म्हणायचं नाही!" योन-जूच्या आईने प्लास्टरचा हात उगारला. "आणि तुम्हीपण तिथेच होतात म्हटलं. दोन वर्षांचे. सासूबाईंनी पाठीला बांधलं होतं."

यावर भाऊजी उठले आणि संध्याकाळपर्यंत कोबी पिळत राहिले. मला त्यांची दया आली. बावीस वर्षं ज्या माणसाने सगळ्या जगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याच्या घरच्या रांजणात मुद्देमाल निघावा, आणि तो स्वतः गुन्ह्याच्या जागी हजर असावा!

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, ओळीने तीन भांडी नूडल्स समोर घेऊन बसले आणि एकाला हात लावला नाही.

"कळवायला तर लागेलच," म्हणाले. "सोमवारी कचेरीत देतो. ओढ्यात सापडला म्हणून सांगतो. तसं ते खरंच आहे."

"कधी सापडला ते नाही सांगणार."

"सांगितलं तर बिल्ला जाईल, वहिनी. वाटाड्याच्या घरात पासष्ट वर्षं बुद्धाचा हात! आणि उद्या कुणीही वाटाड्या तिथे उभा राहून विचारेल, हात कुणी तोडला? पेक दोक-सूच्या आईने. ती माउली दर पंधरवड्याला वर चढून दिवा लावायची हो. तिला मी या तोंडाने चोर ठरवू?"

"नका ठरवू. पण परवा शनिवार आहे."

शनिवारी मोरिवाकीबाई येणार होत्या.

"ओढ्यात काल सापडला म्हणालात, तर ती बाई म्हणेल, बरं झालं, आमच्या शिपायांनी फेकलेला मिळाला. आणि आणखी वाकून माफी मागेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, भाऊजी. तिचे गुडघे तरी बघा."

"पुढल्या वर्षी..." त्यांनी सुरुवात केली.

"एवढा हिवाळा दे," मी म्हटलं. "आईचेच लेक आहात."

ते पैसे न देता उठून गेले, ते मात्र नेहमीचंच.

शनिवारी मी दुकान पुन्हा बंद ठेवलं. भाऊजी काय करतात हे बघितल्याशिवाय माझा घास गिळला जाणार नव्हता. योन-जूची आईही निघाली, गळ्यात प्लास्टर अडकवून. कशाला येतेस म्हटलं तर म्हणाली, "सासूबाईंच्या बाजूने कुणीतरी नको का?" सोलच्या निवृत्त मास्तरांची एक टोळी बरोबर होती. मोरिवाकीबाई सगळ्यांच्या मागे, करड्या कोटात, वड्यांचा डबा रुमालात बांधलेला.

बुद्धाजवळ पोचलो. भाऊजींनी सवयीने छत्री मनगटाला लावली आणि तोंडातून सवयीनेच निघालं, "हा हात कुणी तोडला असेल?"

"जपान्यांनी!" मास्तर एका सुरात ओरडले. शाळाच ती.

मोरिवाकीबाई पुढे आल्या आणि गुडघा टेकायला लागल्या. भाऊजींनी छत्री टाकून त्यांचा दंड धरला.

"नका. उठा. बाई, नका," ते म्हणाले. बावीस वर्षांत मी त्या माणसाला शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. "कुणी तोडला नाही. पावसाने पडला. मोठ्या वादळाच्या वर्षी. आणि घरी नेला तो माझ्या आईने. किमचीवर ठेवायला. मी तिच्या पाठीवर होतो. बुधवारपर्यंत तो माझ्या घरी रांजणात होता आणि मी इथे उभा राहून... तुम्हाला मी खोटं सांगितलं. म्हणजे तुम्हाला विजेचं सांगितलं होतं, पण तेही खोटंच. अकरा वर्षं तुम्ही माझ्या थापेची माफी मागताय."

एका मास्तरांनी वहीत लिहायला काढलेली पेन्सिल तशीच धरली होती.

"चोरला नाही हो," मागून योन-जूची आई ठणकावून म्हणाली. "मागून घेतला. एवढा हिवाळा म्हणून."

मोरिवाकीबाईंनी बुद्धाकडे पाहिलं. मग त्यांनी भाऊजींकडे मान वळवली आणि आमच्या भाषेत, एकेक शब्द जपून टाकत विचारलं, "आणि वड्या?"

"खाल्ल्या," भाऊजी म्हणाले.

"अकराही डबे?"

"काही वहिनींनी खाल्ल्या."

असा तो माणूस आहे! बुडतानाही शेजाऱ्याचा पाय धरणार.

बाई हसल्या. आधी ओठांत, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना तिथल्या दगडावर बसावं लागलं. योन-जूच्या आईने चांगल्या हाताने त्यांची पाठ चोळली. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पेकसाहेब, मागितलेली माफी मी काही परत नेणार नाही. माझ्या वडिलांनी म्हातारपणी इथल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. हा हात त्यात नव्हता. बाकीचं होतं. ती माफी तिकडे लागू पडेल."

मी उगाच खाली पडलेली छत्री उचलून झटकत बसले. मग बाईंनी डबा सोडला आणि सगळ्यांना एकेक वडी दिली. भाऊजींना दिली नाही.

सोमवारी भाऊजींनी हात कचेरीत नेऊन दिला, सगळी हकीकत सांगून. एक महिना बिल्ला काढून घेतला होता, मग परत दिला, कारण मास्तरांच्या टोळीने परत जाऊन त्यांच्याबद्दल इतकं चांगलं लिहून पाठवलं होतं की कचेरीलाच लाज वाटली. हात तिथल्या कपाटात आहे, त्याला क्रमांक मिळालाय, आणि तो त्याच बुद्धाचा की कसं याचा अभ्यास चालू आहे. बुद्ध अजून हाताविना बसलाय. भाऊजी आता सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात. ती इतकी लांबवतात की मंडळी हल्ली तीनला उतरते.

योन-जूच्या आईने लहान रांजणावर आधी ओढ्यातला एक धोंडा ठेवून पाहिला, मग एक वीट. गेल्या हिवाळ्यातली पांढरी किमची बिघडली. ती ओट्याकडे बघायची तेव्हा मला तिचं तोंड बघवायचं नाही. सासूने दिलेली तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे होती.

या नोव्हेंबरात मोरिवाकीबाई आल्या. या वेळी रुमालात डबा नव्हता. काहीतरी जड होतं, बसवाल्याने उतरवून दिलं. त्या थेट पेकांच्या ओट्यावर आल्या आणि रुमाल सोडला. आत नदीतला काळा गोटा, दोन वितींचा, पाठीवर गुळगुळीत.

"माझ्या आईचा," त्या योन-जूच्या आईला म्हणाल्या. "आमच्याकडेही मुळ्यावर दगड ठेवतात. मला ना लेक, ना सून. आता एकटीसाठी कोण लोणचं घालतं?"

योन-जूची आई तो दगड उचलायला वाकली. तिचं मनगट आता बरं आहे. पण त्याच्या आधी भाऊजी पुढे झाले, दोन्ही हातांनी गोटा उचलला, उन्हात धरला आणि उलटा करून खालची बाजू नीट न्याहाळली.

"बघा, बघा," ती म्हणाली. "आत्ताच बघून घ्या. मागाहून मला म्हणाल, सांगितलं नाहीस."